तिसरी हाक

आमच्या शेजारच्या पाटकरीकाकांबद्दल गावाचं एकच मत आहे: नाकासमोर चालणारा माणूस. अख्ख्या गावाचं एका माणसाबद्दल एकमत झालं की मला खाज सुटते, काहीतरी खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही. पण इथे खोट काढायला जागाच नव्हती. पाटाचं पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे काकांचं काम. चौतीस वर्षं ते रोज सकाळी घरातून निघाले आणि हात मागे बांधून पाटाच्या काठाने नाकासमोर चालले. पुढे नळ आले, पाट कोरडा पडला, काका निवृत्त झाले, काकू गेल्या. चालणं मात्र सुटलं नाही. "कोरड्या पाटावर कुणाला पाणी पाजायला जाता?" असं मी विचारलं की म्हणायचे, "टवाळे, तुझ्या तोंडाला कधी सुटी असते का? मग माझ्या पायांना कशाला?"

टवाळी हे माझं नाव नव्हे, पण मला हाक मारताना काकांच्या तोंडी दुसरं नाव कधी आलं नाही. मी याच घरात जन्मले, याच घरात राहिले. लग्न झालं तेव्हा सासरी मी गेले नाही, सामान घेऊन आमचे हेच इकडे आले. घरजावई असल्यामुळे हे बोलतात कमी आणि पाट्या रंगवतात जास्त. दुकानाची पाटी असो, दवाखान्याची असो, गावातलं प्रत्येक अक्षर आमच्या अंगणात वाळलेलं आहे.

आमची आणि काकांची भिंत एक. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तोंडही आहे. मी रेडिओ मोठा केला की पलीकडून काठी दोनदा वाजते. काकांना खोकला आला की मी इकडून ओरडते, "मेलात का?" आणि ते तिकडून, "तुझ्या आधी नाही!" आणि तेव्हा रोज पहाटे साडेपाचला काका झोपेत हाक मारायचे.

"पाणी आलंऽऽ हो!"

मग थोडा वेळ जायचा. पुन्हा, "पाणी आलंऽऽ हो!"

त्यानंतर काही नाही. पण ते 'काही नाही' साधं नसायचं. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी आणि पाय हवेत राहावा, तसं ते असायचं. पलीकडे कुणीतरी श्वास रोखून वाट बघतंय असं वाटायचं. मी अंथरुणात पडल्या पडल्या त्या तिसऱ्या हाकेची वाट बघायची आणि ती आली नाही की कूस बदलायची. सकाळी नळावर मात्र सगळ्यांना सांगायची, "आमचे काका अजून झोपेत पाणी सोडतात हो, गादी रोज वाळत घालावी लागते." हशा व्हायचा. हशा झाला की माझा दिवस चांगला जायचा.

हे सगळं असंच चाललं असतं, पण चार वर्षांपूर्वी शाळेत नव्या बाई आल्या. बाहेरून आलेल्या माणसाला आपल्याच गावात काय काय दिसतं! पाटाकाठची पाणचक्की दिसली, चुनाभट्टी दिसली, धुण्याचे झिजलेले दगड दिसले. शाळेत बैठक बोलावून बाई म्हणाल्या, "तुमच्या पायाखाली वारसा आहे." आमच्या शिंप्याने लगेच पाय उचलून चपलेखाली बघितलं.

बाईंचं म्हणणं असं, की पाटाच्या काठाने चार किलोमीटरची वारसावाट करायची. आठ थांबे, प्रत्येकाला एक पाटी. बाहेरचे लोक रविवारी चालायला येतील. वाट गावाने साफ करायची, गोष्टी गावाने सांगायच्या, पाहुण्यांना चहा आणि निवारा गावाने द्यायचा. पाट्यांवर काय लिहायचं तेही गावच ठरवणार. पहिल्या बैठकीत जो तो वाट आपल्या दारावरून न्यायला लागला. शिंपी म्हणाला, आजोबांचं मशीन म्हणजे वारसाच. मी म्हटलं, "तुझं मशीन नको, तू शिवायला घेतलेला माझा झंपर ठेवूया, तो त्याहून जुना आहे." पण एकदा काटे तोडायला लोक उतरले तेव्हा खरंच उतरले. पंधरा दिवसांत गावाने पाटाचा काठ मोकळा केला. पाट्या अर्थात आमच्या ह्यांच्याकडे. वाट दाखवायला काकांशिवाय दुसरं होतंच कोण?

वाट मोजताना बाई एका जागी अडखळल्या. पाटाच्या दारापासून, म्हणजे जिथे मोठं चाक फिरवून काका पाणी सोडायचे तिथपासून, पायवाट काठाला बिलगून खाली येते. आमच्या घरांच्या मागे गाडीरस्ता पाटावरून जातो आणि पाट त्या रस्त्याखालच्या दगडी मोरीतून जातो, माणूस वाकून आत चालेल एवढी मोरी. त्या मोरीच्या अलीकडे पायवाट काठ सोडते, बांध चढते, रिकाम्या शेताला वळसा घालते आणि दीडशे पावलांनी पुन्हा काठावर येते.

"इथे पूर्वी काय होतं?" बाईंनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. "इथून असंच जातात," लोक म्हणाले. शिंपी म्हणाला, खड्डा असेल. मी म्हटलं, भूत असेल, आणि ते शिंप्याकडे उधारी मागत असेल. शेवटी लक्षात आलं ते एवढंच, की सगळे असे जातात कारण काका असे जातात. गुरं त्यांच्या मागून गेली, पोरं गुरांच्या मागून, आणि इतक्या वर्षांत जमिनीला वळण पडलं. नाकासमोर चालणाऱ्या माणसाने वाटेलाच नाक काढलं होतं! हा विनोद मी त्या संध्याकाळी चार घरी सांगितला.

दुसऱ्या दिवशी बाई वही घेऊन काकांकडे आल्या. काकू गेल्यापासून संध्याकाळचा चहा काकांना मीच नेते, म्हणून मीही तिथे होते. काकांची खोली तुम्ही एकदा बघितली की विसरणार नाही, कारण विसरण्यासारखं तिथे काही नाहीच. एक खाट, एक पेटी, खिळ्याला पाटाच्या दाराच्या किल्ल्या, खाटेखाली गोणपाटात बांधलेलं काहीतरी जड. ते काय म्हणून मी कितीदा विचारलं असेल. "जातं," एवढंच म्हणायचे. मी त्याच्यावर पाय ठेवून चहा प्यायची.

बाईंनी विचारलं, "काका, मोरीपाशी तुम्ही वळसा का घालता?"

मी म्हटलं, "बाई, सरळ माणसाला एखादं तरी वाकडं हवं ना, नाहीतर लोक पूजा करतील."

काका हसले नाहीत. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, वाकून ते गोणपाट ओढून काढलं आणि सोडलं. आत धार लावायचं चाक होतं. दगडाचं, मधे लोखंडी दांडा, एका बाजूने झिजलेलं.

"हे धारवाल्याचं," काका म्हणाले. "वर्षातून एकदा यायचा, चाकू-सुऱ्यांना धार लावायला. पाट कोरडा असला की मोरीत झोपायचा. म्हणायचा, गावात याच्याइतकी थंड खोली नाही."

मग त्यांनी बाईंना पाणी सोडायची रीत सांगितली. वर्षानुवर्षं ती मी ऐकत होते, पण समजून कधी घेतली नव्हती. कोरड्या पाटात पाणी सोडायचं तर तीन हाका. पहिली दारापाशी. दुसरी अर्ध्या वाटेवर, धुण्याच्या दगडांपाशी. तिसरी मोरीवर, आणि ती मारायच्या आधी खाली उतरून, वाकून आत बघायचं. मगच मागे जाऊन चाक फिरवायचं. कधी कधी खालच्या टप्प्याचा पाटकरी पाण्याला सामोरा यायचा, तो मोरीत बघून तिसरी हाक द्यायचा. तेवढी काकांची दोनशे पावलं वाचायची.

"बत्तीस वर्षांपूर्वी दाराच्या दुरुस्तीसाठी पाट एकवीस दिवस कोरडा होता, मग पहिलं पाणी सुटणार होतं," काका म्हणाले. "मी पहिली हाक मारली. दगडांपाशी आलो, दुसरी मारली. आणि पुढून, मोरीकडून, तिसरी ऐकू आली. मला वाटलं, खालचा आलाय. मी तिथूनच परत फिरलो आणि चाक फिरवलं."

"मग?"

"दुपारी हे चाक मोरीच्या खाली पाटाच्या गाळात रुतलेलं मिळालं. तीन दिवस मी काठाने शोधलं. माणूस मिळाला नाही, चप्पलसुद्धा नाही. खात्याच्या साहेबांकडे गेलो, ते म्हणाले, माणूसच नाही तर तक्रार कसली करता? कदाचित गेला असेल उठून. कदाचित. पण चाक टाकून धारवाला कुठे जाईल? त्यानंतर तो आला नाही. दुसरे जे येतात त्यांना मी विचारतो, तुमच्यातला एक जण, डाव्या हाताने चाक फिरवायचा, आहे का? कुणी ओळखत नाही."

"आणि खालचे पाटकरी?" बाईंनी विचारलं.

"तो तापाने घरी पडून होता. आलाच नव्हता." काकांनी चाकावरून हात फिरवला. "बाई, मला आवाज ऐकू आला तो त्याचा नव्हताच. तो माझा होता. माझाच आवाज मला पुढून आला. दोनशे पावलं चालायचा कंटाळा केला मी, आणि मनाने माझ्याच आवाजात मला सांगितलं की काम झालं. बत्तीस वर्षं विचार करतोय, दुसरं काही निघत नाही. आळस आपल्याच आवाजात बोलतो, हे मला तेव्हा कळलं."

माझ्या तोंडात एक विनोद तयार होता. तो तिथेच सुकला.

दुरुस्तीनंतरचं पहिलं पाणी मला आठवत होतं. ते बघायला म्हणून माझी मावसबहीण मुक्काम वाढवून राहिली होती. मी वीस वर्षांची होते. गच्चीत दोघी कपडे वाळत घालत होतो, खाली हाकेच्या अंतरावर मोरी. लांबून काकांची हाक आली. बहीण म्हणाली, "तुला म्हणे पाटकऱ्याचा आवाज हुबेहूब येतो? खोटं!" गावात माझ्या नकलांना नाव होतं. काकूंनासुद्धा मी काकांची नक्कल करून दाखवायची, त्या हसून लोळायच्या. फक्त काकांनी ती ऐकली नव्हती. ज्याची नक्कल करतात त्याच्यासमोर कोण करतं? मी ओंजळ तोंडाला लावली, आवाज पोटातून काढला आणि मोरीच्या दिशेने सोडून दिला. पाणी आलंऽऽ हो! मग दोघी तोंडावर हात दाबून खाली बसलो. हसून हसून बादली लवंडली.

एवढंच झालं होतं. मी ते विसरलेही होते.

"बाई, मोरीपाशी जी सातवी पाटी लागेल, तिच्यावर असं लिहा," काका सांगत होते. "या जागी पाटकऱ्याच्या आळसाने एक धारवाला वाहून गेला. खाली माझं नाव घाला. तरच मी वाट दाखवायला येईन. नाहीतर दुसरा कुणी बघा."

बाई माझ्याकडे बघत होत्या, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी कपबशा उचलल्या आणि घरी आले.

पुढच्या आठ दिवसांत गावात दोन तट पडले. शिंपी म्हणाला, "पाहुण्यांना गाव दाखवायचं की गुन्हा? चांगल्या माणसाच्या गळ्यात आपल्याच हाताने पाटी बांधायची?" बाई म्हणाल्या, पाट्या गावाच्या गोष्टींच्या आहेत आणि ही गोष्ट काकांची आहे, त्यांनी सांगितली तशीच जाईल. अखेर काकांच्या हट्टापुढे सगळे गप्प झाले. गाव मला विचारत होतं, तुझं काय मत? मी पहिल्यांदाच बिनमताची होते.

सात नंबरची पाटी आमच्या अंगणात होती, सामाईक भिंतीलाच टेकून. ह्यांनी पांढरा हात दिला, वर लाल रंगात आकडा काढला आणि काळ्या रंगाचा डबा शोधायला लागले. डबा मी धान्याच्या कोठीत पुरून ठेवला होता.

"अगं, इथे डबा होता."

"मांजराने नेला असेल."

"रंगाचा डबा?"

"त्याला पाटी रंगवायची असेल. तुम्ही तरी कुठे लवकर रंगवता?"

नवा डबा आणला, तोही गेला. हे माझ्याकडे बघत राहिले. त्या आठही पहाटे मी साडेपाचच्या आधी जागी होते. पलीकडून एक हाक यायची. दुसरी यायची. मग ती न आलेली तिसरी. इतकी वर्षं तिची वाट बघत मी कूस बदलत होते, आणि ती माझ्याच घशात अडकलेली होती. दोनदा मी भिंतीवर थापही मारायला गेले. सांगून टाकू म्हणून. मग वाटायचं, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आता काय सांगायचं, की तुमची बत्तीस वर्षं माझ्या एका थट्टेत गेली?

रविवार उजाडला. शहराकडून तीसेक पाहुणे आले, डोक्यावर टोप्या, पाठीला पिशव्या. गावातले पन्नास तरी असतील. सात नंबरची पाटी मोरीपाशी रोवलेली, वर नुसता आकडा, खाली कोरी. काकांनी ती लांबूनच बघितली आणि ह्यांना म्हणाले, "जावईबापू, मला फसवलंत."

"रंग संपला हो," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"असू दे. लिहिलं नाही तर तोंडाने सांगेन."

काकांनी पाणचक्की दाखवली, भट्टी दाखवली. दारापाशी आल्यावर गंजलेल्या चाकावर हात ठेवून तीन हाकांची रीत सांगितली आणि पहिली हाक मारली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या छातीतून तो आवाज कसा आला कोण जाणे. धुण्याच्या दगडांपाशी त्यांनी दुसरी मारली.

आणि थांबले. समोर मोरी, डावीकडे वळसा. पाहुण्यांना तीन हाका सांगितल्या होत्या, ते तिसरीची वाट बघत होते. काका बघत होते मोरीकडे. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. ऐंशी माणसं उभी, आणि आमच्या भिंतीपलीकडची ती रोजची शांतता भर उन्हात सगळ्यांसमोर येऊन बसली. मला वाटलं, आता कोणी बोललं नाही तर ही शांतता कधी उठणारच नाही.

मी पुढे गेले, वळशाने नाही, काठाने सरळ. मोरीवर उभी राहिले. ओंजळ तोंडाला लावली.

"पाणी आलंऽऽ हो!"

आवाज अजून तसाच होता. बाईमाणसाच्या तोंडून पाटकऱ्याचा आवाज ऐकून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "वा, काय नक्कल!" शिंपीही टाळ्या वाजवत होता.

काका वाजवत नव्हते. त्यांनी हात वर केला तशा टाळ्या थांबल्या.

"परत मार," ते म्हणाले.

"काका..."

"परत मार म्हणतो ना."

मी परत मारली. काका डोळे मिटून, मान थोडी तिरकी करून ऐकत होते, रेडिओवर जुनं स्टेशन लागतंय का बघावं तसे.

"हाच," ते म्हणाले. मग डोळे उघडून, "गच्चीतून?"

"हो. मावसबहीण आली होती. मला माहीत नव्हतं काका, आत कोणी आहे ते. तुम्हाला ऐकू गेलं हेसुद्धा मला परवा कळलं."

ते हसले म्हणावं तर हसले. "काखेत कळसा," ते म्हणाले. "आणि मी बत्तीस वर्षं घालतोय वळसा." बाहेरच्यांना काही कळलं नाही. गावाला हळूहळू कळत गेलं, एकेकाचा चेहरा उतरताना मला दिसला.

मग काका काठाने सरळ आले, माझ्या शेजारून पाटात उतरले, वाकले आणि मोरीत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी खाली उतरले. आत त्यांची बोटं भिंतीवर फिरत होती. दगडाला खाचाच खाचा होत्या, बारीक, एकाखाली एक. धार लागली की नाही ते बघायला धारवाला सुरी दगडावर ओढायचा.

"काका, चूक माझी होती. तुमची नव्हतीच."

"हाक तुझी होती," ते खाचांवरून बोट न उचलता म्हणाले. "उतरून बघायचं काम माझं होतं. तुझं तू ठेव टवाळे, माझं मी ठेवतो. वाटून घेतल्याने कमी होत नाही ते."

बाहेर येऊन त्यांनी बाईंना पाटीचा मजकूर सांगितला. आळस नाही, नाव नाही. संध्याकाळी मी कोठीतून दोन्ही डबे काढून ह्यांच्यापुढे ठेवले. ह्यांनी झाकण काढून ब्रश बुडवला. सातव्या पाटीवर आता एवढंच आहे: 'इथे एक धारवाला झोपत असे. हाक कुणाचीही असो, उतरून आत बघा.'

वाट आता मोरीवरून सरळ जाते, वळशावर गवत चढतंय. धारेचं चाक काकांनी मोरीच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. काका माझ्याशी पूर्वीसारखेच बोलतात, चहाला नावं ठेवतात, टवाळे म्हणतात. पण झोपेत हाक मारत नाहीत. पलीकडे पहाटे साडेपाचला गाढ झोपेचा श्वास ऐकू येतो, आणि तो ऐकायला अलीकडे मी जागी असते.

रविवारी पाहुणे येतात. त्यांना ती हाक फार आवडली आहे. दारापाशी ओरडतात, दगडांपाशी ओरडतात, मग मोरीवर येऊन सगळे एकदम, हसत हसत. मी कणीक मळत असले काय, कुणाशी हसत बसले असले काय, हात तसाच ठेवून गच्चीत जाते आणि कोणी आत उतरून बघितलं का, ते बघून येते. बहुतेक वेळा नसतं बघितलेलं. मग मी खाली जाते.